पहिली नोकरी, नवे शहर: पहिल्या पगाराआधी किती पैसे लागतात आणि सही कशावर होते?

कॅम्पस प्लेसमेंटची यादी लागली की गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक आकडा फिरू लागतो. 'पॅकेज ४.२० लाख.' पेढे वाटले जातात, काका-मामांचे फोन येतात आणि घरातले कोणीतरी लगेच १२ ने भागून मोकळे होते. महिना ३५ हजार!

हे ३५ हजार बँक खात्यात कधीच जमा होत नाहीत. जे काही जमा होतात, तेही नोकरी सुरू झाल्यानंतर महिना-दीड महिन्याने. तोपर्यंत खोलीची अनामत, ब्रोकरची दलाली, गादी, मेसचा ॲडव्हान्स आणि रोजचा प्रवास हे सगळे खर्च करून झालेले असतात.

लातूर, जळगाव, सांगली किंवा यवतमाळहून पुण्या-मुंबईत येणाऱ्या मुला-मुलींचे पहिले वर्ष निवांत जाते की उसनवारीत, हे पॅकेजच्या आकड्यापेक्षा या पहिल्या ४०-५० दिवसांवर जास्त अवलंबून असते. शिवाय याच दिवसांत, घाईघाईत, दोन कागदांवर सह्या होतात. एक नेमणुकीचे पत्र आणि दुसरा खोलीचा भाडेकरार. दोन्हींत काय असते, ते नीट समजून घेऊ.

३५ हजारांचे २६ हजार कसे होतात?

ऑफर लेटरवर लिहिलेला आकडा हा पगार नसतो. तो असतो सीटीसी, म्हणजे एका कर्मचाऱ्यावर कंपनी वर्षभरात करणार असलेला एकूण खर्च. त्यात कर्मचाऱ्याच्या हातात पडणारे पैसे असतात, त्याच्या नावाने दुसरीकडे जमा होणारे पैसे असतात आणि काही पैसे असे असतात जे मिळतीलच याची खात्री नसते.

उदाहरण म्हणून वरचाच आकडा घेऊ. वर्षाला ४,२०,००० म्हणजे महिन्याला ३५,०००. मूळ वेतन, म्हणजे बेसिक, त्याच्या निम्मे १७,५०० आहे असे धरू.

यातले १० टक्के 'व्हेरिएबल पे' असेल तर महिन्याचे ३,५०० रुपये आधीच बाजूला जातात. ही रक्कम कामगिरी आणि कंपनीचा नफा पाहून तिमाहीला किंवा वर्षाअखेर मिळते. कधी पूर्ण, कधी अर्धी, कधी नाहीच.

मग येतो भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ. नियमानुसार कंपनी आणि कर्मचारी दोघेही वेतनाच्या १२-१२ टक्के रक्कम भरतात. अनेक कंपन्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर हिशेब करतात, तेव्हा दोघांचे १,८००-१,८०० होतात. गंमत अशी की कंपनीचा वाटाही सीटीसीतच मोजलेला असतो. म्हणजे १,८०० रुपये हिशेबाच्या सुरुवातीलाच वजा होतात आणि कर्मचाऱ्याचे १,८०० नंतर पगारातून कापले जातात.

ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ८४२ रुपये दाखवलेले असतात. गटविम्याच्या हप्त्यापोटी ५०० रुपये धरले तर ३५,००० मधून उरतात २८,३५८. त्यातून स्वतःच्या पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात २६,३५८ रुपये येतात.

व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे. महाराष्ट्रात दरमहा १०,००० पेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुषांना ११ महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २,५०० रुपये भरावा लागतो. महिलांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर तो माफ आहे. पहिल्या नोकरीतल्या बऱ्याच मुलींना हे माहीत नसते. लहान कार्यालयात पगार २२-२३ हजार असताना २०० रुपये कापले जात असतील, तर विचारायला हरकत नाही.

प्राप्तिकराची चिंता या पगारात करण्याचे कारण नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळत असल्याने ही मर्यादा त्यांच्यासाठी पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. त्यामुळे 'कर वाचवायचाय ना?' असे म्हणत पहिल्याच महिन्यात विमा पॉलिसी विकायला येणाऱ्या ओळखीच्या माणसाला, किमान या कारणासाठी, होकार देण्याची गरज नाही.

ग्रॅच्युइटीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षे सलग काम केल्यावरच मिळते. आजकाल पहिली नोकरी पाच वर्षे किती जण करतात? दोन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याच्या सीटीसीत ही रक्कम दरवर्षी मोजली जाते आणि त्याला कधीच मिळत नाही.

नव्या संहितांनी काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांच्या दृष्टीने त्यातल्या काही तरतुदी थेट कामाच्या आहेत.

पहिली म्हणजे नेमणूक पत्र. ते प्रत्येक कर्मचाऱ्याला देणे मालकावर बंधनकारक आहे. 'आधी जॉइन व्हा, लेटर नंतर मेल करतो' हे उत्तर त्यामुळे चालणारे नाही.

दुसरी, वेतनाची व्याख्या. पूर्वी अनेक कंपन्या बेसिक ३०-४० टक्क्यांवर ठेवून बाकीचे 'स्पेशल अलाउन्स'मध्ये टाकत. आता भत्ते आणि वगळलेल्या इतर रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. ग्रॅच्युइटीसारखे हिशेब त्या वाढीव वेतनावर होतात.

तिसरी, ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही. एक वर्ष काम केले की कामाच्या काळानुसार ती मिळू शकते.

चौथी, नोकरी सोडल्यावर किंवा काढून टाकल्यावर देणे असलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. 'फुल अँड फायनल'साठी ४५ ते ६० दिवस ताटकळण्याची सवय झालेल्यांना हे खरे वाटणार नाही.

या सगळ्याला एक मोठी पळवाट आहे आणि पहिल्या नोकरीत तिच्याशी गाठ पडण्याची शक्यता बरीच असते. पत्रावर 'कर्मचारी' ऐवजी 'कन्सल्टंट', 'रिटेनर' किंवा 'फ्रीलान्सर' असा शब्द असतो. माध्यमे, डिझाइन, कंटेंट, छोटे स्टार्टअप अशा ठिकाणी हे सर्रास दिसते. वेळेवर ऑफिसला यायचे, रजा मागून घ्यायची, साहेब सांगेल ते करायचे, पण कागदोपत्री हा माणूस बाहेरचा व्यावसायिक असतो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि दरमहाच्या रकमेतून बहुतेकदा १० टक्के टीडीएस कापला जातो.

हा टीडीएस बुडीत नसतो. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून तो परत मिळतो. पण त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते, आणि 'आपल्याला कुठे टॅक्स बसतो' म्हणून अनेक जण तेच करत नाहीत.

पीएफ सुरू झाला असेल तर यूएएन हा १२ आकडी क्रमांक मिळतो. तो आयुष्यभर एकच राहतो, नोकरी बदलली तरी. पुढच्या कंपनीला तोच द्यायचा. कंपनीने कापलेली रक्कम खरोखर खात्यात भरली की नाही, हे ईपीएफओच्या पासबुकात दिसते. सॅलरी स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात भरणा दिसत नाही, अशी वेळ आली तर ती तक्रारीचीच बाब आहे.

पन्नास दिवसांचा खड्डा

आता हिशेबाची दुसरी बाजू. समजा वरच्याच पगाराचा मुलगा १६ जूनला रुजू झाला. चौघांनी मिळून वाकडमध्ये २४,००० रुपये भाड्याचा टू बीएचके घेतला आणि मालकाने तीन महिन्यांची अनामत मागितली. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. भाग आणि इमारत बदलली की बदलतील, पण खर्चाची रचना साधारण अशीच असते.

त्याच्या वाट्याला अनामतीचे १८,००० येतात. ब्रोकरने एक महिन्याचे भाडे घेतले तर त्याचे ६,०००. अर्ध्या जूनचे भाडे ३,०००, जुलैचे ६,०००. कराराच्या खर्चातला वाटा सुमारे ७००. गादी, बादली, पंखा नसेल तर पंखा, असे मिळून ४,०००. दीड महिन्याची मेस ५,०००. प्रवास ३,०००. बेरीज ४५,७०० होते.

यातली निम्म्याहून जास्त रक्कम त्याला ऑफिसचे दार बघायच्या आधीच मोजावी लागते. आणि पगार? कंपनीचा पगारपत्रक बंद करण्याचा दिवस १५ किंवा २० तारीख असेल, तर जूनचे पंधरा दिवस पुढच्या महिन्यात ढकलले जातात आणि पहिला पैसा थेट जुलैअखेर येतो. महिन्याचे वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावे असा नियम आहे, पण 'पुढच्या सायकलमध्ये येईल' हे वाक्य एचआरकडून ऐकलेले नाही असा नवा कर्मचारी विरळाच. म्हणूनच ऑफर स्वीकारताना 'पहिला पगार कोणत्या तारखेला आणि किती दिवसांचा?' हा प्रश्न ईमेलवर विचारून घेणे फायद्याचे असते.

हा खड्डा नवा नाही. तो भरण्याची पद्धत मात्र बदलली आहे.

मुंबईत गिरण्या चालू होत्या त्या काळात कोकणातून किंवा साताऱ्याकडून येणारा मुलगा थेट गावकीच्या खोलीवर उतरायचा. लालबाग, परळ, डिलाईल रोड परिसरात गावाच्या नावाने घेतलेल्या अशा खोल्या असत. सामान म्हणजे एक ट्रंक, आणि झोपायची जागा पाळीप्रमाणे. रात्रपाळीचा माणूस उठून गेला की दिवसपाळीचा तिथे पाठ टेकायचा. जेवण खानावळीत. खानावळवाली बाई महिनाभर उधारीवर जेवू घाली आणि पगार झाला की हिशेब होई. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते याच खानावळवाल्या बायकांचे. गिरणी कामगाराला उधारी देता देता त्या स्वतः किराणावाल्याच्या आणि सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. गोव्याहून येणाऱ्यांसाठी धोबी तलाव, माझगाव भागात गावागावांचे 'कूड' होते. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत किंवा दोन बोटींच्या मधल्या काळात गोवेकर खलाशी तिथे नाममात्र पैशांत राहत.

या व्यवस्थेत जातगोत, गाव, पुरुषपणा हे सगळे पाहिले जाई. मुलीला तिथे जागा नव्हती, गावकीबाहेरच्यालाही नव्हती. तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण तिने एक काम चोख केले होते. गावातून निघाल्यापासून पहिला पगार हाती येईपर्यंतचे दिवस तिने अंगावर घेतले होते. आज ते ओझे त्या मुला-मुलीवर आणि घरावर येते. कुठे सोयाबीनचे आलेले पैसे, कुठे आईच्या पाटल्यांवर घेतलेले सोनेतारण कर्ज.

आणि हे दोन्ही नसेल तर मोबाइलमधले कर्जाचे ॲप.

ॲपवरून उचल घेण्याआधी

पाच मिनिटांत १५ हजार, कागदपत्रे नाहीत, अशा जाहिराती नोकरी शोधणाऱ्यांच्या फोनवर हमखास दिसतात. कर्ज देणारी संस्था बँक किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली बिगरबँक वित्तसंस्था असली पाहिजे. ॲप फक्त मध्यस्थ असते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यावी लागते आणि व्याजासह सगळे शुल्क धरून वार्षिक दर किती पडतो, हे एका तक्त्यात आधी दाखवावे लागते. ॲपने फोनमधल्या कॉन्टॅक्ट्सना हात लावायला या नियमांत मनाई आहे.

म्हणून ओळख सोपी आहे. इन्स्टॉल करतानाच कॉन्टॅक्ट्स आणि फोटोंची परवानगी मागणारे ॲप तिथेच काढून टाकावे. हप्ता थकला की घरच्यांना आणि ऑफिसमधल्यांना फोन जातात, ते त्याच यादीवरून. नियमनाखालच्या संस्थांनी नोंदवलेल्या कर्ज ॲप्सची यादी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. त्यात नाव शोधायला दोन मिनिटे लागतात.

बऱ्याच कंपन्या मागितल्यावर पहिल्या महिन्यात पगारावर उचल देतात. ती बिनव्याजी असते आणि दोन-तीन हप्त्यांत कापली जाते. मागायला लाज वाटते, एवढीच अडचण.

खोली: कॉट बेसिस, पीजी की फ्लॅट?

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' अशा पाट्या अजून दिसतात. इथे भाडे खोलीचे नसते, खाटेचे असते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांची गर्दी असली तरी नोकरीच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी ही सोय चांगली पडते, कारण अनामत कमी आणि दलाली बहुधा नसते. अडचण अंतराची. पेठेतून हिंजवडी फेज ३ किंवा खराडीला रोज जाणे म्हणजे दिवसाचे अडीच-तीन तास रस्त्यावर. मेट्रोने पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी हा प्रवास सोपा केला आहे, म्हणून खोली बघताना भाड्याबरोबर स्टेशनपर्यंतचे चालायचे अंतरही मोजावे.

पीजीत जेवण, वायफाय, सफाई सगळे एकत्र असते. पण तिथे बहुतेकदा नोंदणीकृत करार नसतो, नियमांचा एक छापील कागद असतो. सोडायची नोटीस किती दिवसांची, अनामतीतून 'मेंटेनन्स' म्हणून किती कापणार, ठरावीक महिने राहण्याचे बंधन आहे का, हे त्या कागदावर लिहून घेतले नाही तर नंतर वाद होतात. नोकरदार महिलांसाठी केंद्र सरकारच्या योजनेतली वसतिगृहे आता 'सखी निवास' या नावाने ओळखली जातात. जागा मोजक्या असतात, त्यामुळे नोकरी पक्की होताच चौकशी केलेली बरी.

जेवणासाठी मेस लावताना दर सगळे विचारतात, खाड्यांचा नियम कोणी विचारत नाही. शनिवार-रविवार गावी गेले तर ते दोन दिवस वजा होतात का? अनेक मेसमध्ये सलग तीन दिवस न जेवल्याशिवाय आणि आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय खाडा धरत नाहीत. महिन्यात दोनदा गावी जाणाऱ्याला महिनाभराच्या मेसपेक्षा कूपनची मेस स्वस्त पडते.

११ महिन्यांचा करार आणि एक गैरसमज

फ्लॅट घेतला की येतो 'लिव्ह अँड लायसन्स' करार. तो ११ महिन्यांचाच का असतो? नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून ११ महिन्यांचा केला की नोंदणी टळते, असा समज देशभर आहे.

महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. '५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू' म्हणणाऱ्या मालकाला हे कलम सहसा माहीत नसते.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवर १० टक्क्यांनी येणारे व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असते. आधीच्या उदाहरणात ११ महिन्यांचे भाडे २,६४,००० आणि ७२,००० च्या अनामतीवरचे व्याज ६,६०० होते. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ७०० रुपयांच्या आत-बाहेर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. दस्त हाताळणीचे शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटचे पैसे वेगळे. नोंदणी ऑनलाइन, आधार आणि बोटांच्या ठशांवर होते, कार्यालयात रांग लावावी लागत नाही. हा करार ६० महिन्यांपर्यंतचा करता येतो. ११ महिन्यांचाच केला की हा सगळा खर्च आणि ब्रोकरची 'रिन्युअल फी' दरवर्षी पुन्हा.

करारात कोणाची नावे आहेत, हा कळीचा मुद्दा. चौघे राहतात आणि करार एकाच्याच नावावर, असे सर्रास चालते. उरलेले तिघे कायद्याच्या नजरेत पाहुणे. त्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून करार दाखवता येत नाही आणि अनामतीवर मालकाकडे दावाही सांगता येत नाही.

यातून एक समांतर पद्धत रूढ झाली आहे. सोडून जाणारा मुलगा नव्या येणाऱ्याकडून, म्हणजे 'रिप्लेसमेंट'कडून, स्वतःची अनामत घेऊन जातो. मालकाला यातले काही माहीत नसते. दोन वर्षांत सहा जण आले-गेले, आणि शेवटी रंगकामापोटी मालकाने कापलेली पूर्ण रक्कम शेवटच्याच्या माथी. म्हणून नवा माणूस आला की किमान मालकाला मेसेज करून, जुन्या-नव्या दोघांची नावे आणि रक्कम लिहून ठेवावी. खोली ताब्यात घेताना भिंती, नळ, कपाटांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवणे फुकट असते.

अनामतीला महाराष्ट्रात निश्चित कमाल मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण तो कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे इथे घासाघीस हाच मार्ग.

सोसायटीचा 'बॅचलर नको' हा आग्रह हा वेगळाच विषय. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने देताना सभासदाने संस्थेला आधी कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. भोगवटेतर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते मालकाने भरायचे असते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे हेही मालकाचेच काम. नियम असा असला तरी गेटवरच्या वॉचमनपुढे उपविधी वाचून दाखवून कोणी राहायला जात नाही, हेही खरे. बरेच जण शेवटी 'चालेल' म्हणणारी सोसायटी शोधतात.

बाँडवर सही करताना

नेमणूक पत्राच्या चौथ्या-पाचव्या पानावर कुठेतरी बाँड असतो. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर एक लाख भरा, या धर्तीचा.

'बाँडला कायद्यात किंमत नसते' असे सीनिअर सांगतात. ते पूर्ण खरे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात तीन वर्षांची किमान सेवा आणि ती पूर्ण न केल्यास दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला भरतीची मोठी प्रक्रिया पुन्हा राबवावी लागते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. प्रत्येक खासगी कंपनीचा प्रत्येक बाँड त्यामुळे आपोआप वैध ठरत नाही. करार कायद्यानुसार नुकसानभरपाई वाजवी असावी लागते आणि कंपनीचे प्रत्यक्ष नुकसान काय झाले, प्रशिक्षणावर खरोखर किती खर्च केला, हे विचारले जाते. पण रक्कम आणि मुदत वाचूनच सही करावी, एवढे नक्की.

मूळ मार्कशीट आणि डिग्री जमा करून घेणाऱ्या कंपन्या अजूनही आहेत. पडताळणीसाठी मूळ प्रत दाखवणे ठीक, ठेवून घ्यायला देणे नाही. स्वाक्षांकित छायाप्रत पुरेशी असते. नोकरी देण्यासाठी 'सिक्युरिटी डिपॉझिट' किंवा लॅपटॉपचे पैसे मागणारे मेल तर सरळ फसवणुकीचे समजावेत.

नोटीस कालावधीही पाहण्यासारखा. आयटीत ९० दिवसांची नोटीस नेहमीची झाली आहे. प्रोबेशनमध्ये कंपनी १५ दिवसांत काढू शकते आणि कर्मचाऱ्याने मात्र ६० दिवस थांबायचे, अशी एकतर्फी अट असेल तर ती सहीच्या आधी बदलून मागता येते. सहीनंतर ती कोणी बदलत नाही.

किरकोळ, पण अडवणारी कामे

गॅस कनेक्शनला पत्त्याचा पुरावा लागतो. तो हाती नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो. वितरकाकडे आणि काही पेट्रोल पंपांवरही तो असतो.

मतदार यादीतले नाव नव्या पत्त्यावर न्यायचे असेल तर अर्ज क्रमांक ८ भरायचा. गावाकडचे नाव तसेच ठेवून शहरात नवे नोंदवणे म्हणजे दुबार नोंद, आणि तो गुन्हा आहे. गावची निवडणूक सोडवत नाही म्हणून बरेच जण नाव हलवतच नाहीत आणि मतदानाच्या आदल्या रात्री गावाकडच्या एसटीत उभ्याने जातात.